‘येतो’ म्हणजे काय, ते सांगितलं तो सोमवार

मेक्सिको कसा आहे, असं कुणी विचारलं की मी आधी अंबाडीचं सांगते. तिथं अंबाडी आहे. भाजी कुणी करत नाही, पण लाल बोंडं वाळवून, उकळून, साखर घालून त्याचं थंडगार सरबत करतात आणि जेवताना पाण्यासारखं पितात. ‘हामाइका’ म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी सुनेनं तो लाल ग्लास पुढं ठेवला, मी एक घोट घेतला आणि पृथ्वीच्या पार पाठीमागं बसून मला हिंगोलीच्या बाजारातली जुडी आठवली. विचारणारी माणसं खूश होतात. “काय सांगता सिस्टर, अंबाडी?” म्हणतात आणि पुढचं विचारायचं विसरतात.

पुढचं कुणी विचारू नये म्हणूनच मी अंबाडी सांगते. पण आता लिहायलाच बसले आहे, तर पुढचंही लिहिते.

मी निवृत्त आरोग्यसेविका. शिरड शहापूर आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवर लेकरांना डोस पाजण्यात, बायांची बाळंतपणं करण्यात माझा जन्म गेला. लोक अजून सिस्टरच म्हणतात. एकुलता एक मुलगा मिलिंद हॉटेलचं शिकून मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी झाला. ते जहाज मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला लागायचं. तिथं त्याला रोसीओ भेटली, आणि एक दिवस फोन आला, “माय, जहाज सोडलं. लगीन केलं.” दोघांनी तिच्या गावात समुद्राच्या काठी झावळ्यांच्या छपराची खानावळ टाकली. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेलं माझं पोरगं मासे धरायला छोट्या मोटरबोटीतून समुद्रात जायला लागलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी असंच गेलं. दोन दिवसांनी बोट सापडली. सरळ होती, उलटलेली नव्हती, आत जाळं नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मिलिंद सापडला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, पुण्यानुमोदन करायचं की नाही. आम्हा बौद्धांमध्ये माणूस गेलं की सगेसोयरे, गाव जमतं, वंदना होते, गेलेल्याबद्दल चार जण बोलतात, जेवण होतं. माणूस गेलं, हे असं सगळ्यांच्या समोर मान्य करायचं असतं. माझा थोरला भाऊ, दादा, दोन वर्षं मागं लागला होता. “सुमन, असं अर्धवट ठिवू न्हाई. लोकं इचारून राहिलेत. काय सांगावं त्याह्यला?” मी म्हणायची, सून काय म्हणते बघू. आणि सून म्हणत होती, तो येणार आहे.

तिची समजूत घालायला जाते, असं सगळ्यांना सांगून मी निघाले. नोकरीत मी किती घरांना सांगितलं असेल, बाळ गेलं, म्हातारा गेला. आमच्या मोठ्या सिस्टरची शिकवणच होती, ‘गेलं’ हा शब्द तोंडातून काढायचा. ‘बघू’, ‘होईल बरं’ असलं काही बोलून माणसांना टांगून ठेवायचं नाही. मी कधी ठेवलं नाही. स्वतःच्या लेकाच्या बाबतीत मात्र दोन वर्षं मी पोलिसांच्या कागदावरचा शब्द वापरत होते. बेपत्ता.

आता खरं सांगते. मी त्याला शोधायला गेले होते.

अडीच महिने राहिले. समुद्रकाठच्या गावात दिवस एकासारखा एक असतो, म्हणून सगळे सांगत बसत नाही. एक सोमवार सांगते.

सकाळ

सोमवारी खानावळ बंद. त्यामुळं सकाळी घाई नव्हती. गावाला एका संताचं नाव आहे, आपल्या नरसीला नामदेवांचं आहे तसं, आणि संताचा गावकऱ्यांच्या वागण्याशी जेवढा संबंध सगळीकडं असतो तेवढाच तिथंही. पहाटे कोंबडे आरवतात, मग कुत्री भुंकतात, मग गॅसच्या टाक्यांची गाडी भोंग्यावर गाणं लावून गल्लीगल्लीतून फिरते. ते गाणं मला पाठ झालं आहे. परवा इथं भांडी घासताना गुणगुणत होते, शेजारीण म्हणाली, “कोणचं भीमगीत हाय वो हे?”

रोसीओ म्हणजे दव. तीस-बत्तीसची, ठेंगणी, हातानं भारी चपळ. सकाळी ती मक्याच्या भाकरी थापायची. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, दगडी पाट्यावर वाटलेला, आणि मातीचा तवा. आपल्या भाकरीच्या निम्म्या आकाराची, पण फुगते तशीच. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, इथं ज्वारी मिळते का? मिळते म्हणाली, गुरांना घालतात. मी दोन दिवस त्या देशावर रुसले होते.

बोलायचो कसं, ते सांगायला हवं. तिला मिलिंदनं शिकवलेली मराठी यायची, म्हणजे पंचवीस-तीस शब्द, आणि तेही शिरड शहापूरचे. ती मला माय म्हणायची. मीठ जास्त झालं म्हटलं की डोळे मोठे करून विचारायची, “काहून?” त्या गोल चेहऱ्यातून, त्या समुद्राच्या काठावर, ‘काहून’ ऐकलं की मला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं. बाकीचं बोलणं फोनवर. मी फोनमध्ये बोलायची आणि फोनमधली बाई गोड आवाजात ते तिच्या भाषेत सांगायची. फोनला मराठी येते, पण माझी येत नाही. “भाजी करून राहिले” असं मी म्हटलं तर फोननं तिला सांगितलं की मी भाजी केली आणि मागं उरले. त्यानंतर मी पुस्तकी बोलायला लागले, अगदी लसीकरणाच्या पत्रकासारखं.

मिलिंद सहा वर्षं फोनवर मला हेच म्हणत होता. जयंतीला येऊन राहिलो माय. दिवाळीला येऊन राहिलो माय. एकदाही आला नाही. त्याचं काही चुकलं असं नाही. खानावळ नवी, कागदपत्रं अडकलेली, तिकीट लांबचं. आपल्याकडं ‘येऊन राहिलो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून अंघोळीलाच बसलेला असतो, हे काय मला माहीत नव्हतं? तरी मी दर वेळी तिळाची चटणी करून ठेवायची.

स्वयंपाकघरात दोन जागा होत्या. एका कोपऱ्यात फळी होती, तिच्यावर रोसीओच्या घरातले गेलेले लोक, तिचे वडील, आजी, एक काका, फोटोंपुढं मेणबत्ती आणि कागदी फुलं. मिलिंदचा फोटो त्या फळीवर नव्हता. तो फ्रिजवर होता, चुंबकानं चिकटवलेला, वीजबिल आणि लिंबूवाल्याच्या नंबराच्या मध्ये. जिवंत माणसांच्या कामाच्या गोष्टी जिथं असतात तिथं. मी रोज पाणी घ्यायला फ्रिज उघडायची तेव्हा तो माझ्याकडं बघून हसायचा. त्याला फळीवर न्यायचं, एवढंच माझं काम होतं, आणि दोन महिने मी फक्त पाणी घेत होते.

न्याहारी झाल्यावर रोसीओनं पिशवी उचलली, म्हणाली, “आओरिता बेंगो,” म्हणजे आत्ता येते, आणि गेली. लिंबं आणायला.

मी किनाऱ्यानं फिरायला निघाले. तिथला समुद्र मला कधीच आवडला नाही. लोक दुरून दुरून येऊन त्याच्याकडं तोंड करून बसतात. मी गावाकडं तोंड करून चालायची. बदकाच्या चौपट मोठे पक्षी, लांब चोचीखाली पिशवी असलेले, उंचावरून दगड पडावा तसे पाण्यात पडायचे आणि मासा घेऊनच वर यायचे. दर वेळी वर यायचे. मी त्यांचा राग राग करायची.

तिथली माणसं आपल्यासारखीच दिसतात. सावळी, काळ्या केसांची, बसक्या बांध्याची. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गोऱ्यांच्या देशात गेले असते तर बरं झालं असतं. इथं प्रत्येक पाठमोरा माणूस मिलिंद होता. त्या सोमवारी निळ्या बनियनमधला एक जण बोट ओढत होता, डावा खांदा जरा खाली टाकून, अगदी तसाच. मी वाळूतून धापा टाकत त्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. तो चाळिशीचा होता, दात पडलेले. म्हणाला, “बुएनोस दियास, सेन्योरा.” मीही म्हटलं. रोज एखादा तरी असा व्हायचा.

दुपार

आमच्या खानावळीच्या शेजारी एक म्हातारा कोळी राहायचा, तोन्यो नावाचा. मान देऊन नावाआधी ‘दोन’ लावतात. दोन तोन्यो. पहिल्या दिवशी रोसीओ म्हणाली, दोन तोन्यो जेवायला येणार आहेत, आणि मी दोन ताटं जास्तीची मांडली. एकच म्हातारा आला. ही गोष्ट त्यानं साऱ्या गावाला सांगितली, आणि पुढं मला बघितलं की दोन बोटं वर करायचा. मिलिंदला समुद्रावर न्यायचा तो हाच. मिलिंद गेला त्या दिवशी याचं अंग तापलं होतं म्हणून हा घरी राहिला होता. नंतर अकरा दिवस त्यानं एकट्यानं बोट घेऊन शोध घेतला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, रोसीओनं सांगितलं.

त्या दुपारी तो छपराखाली बसून जाळं सांधत होता. मी झोपाळ्यात पडले होते. झोपाळा म्हणजे आपल्या लेकराची झोळी असते तशीच, फक्त मोठ्या माणसाएवढी. एकदा आत गेलं की बाहेर यायला दुसरं माणूस लागतं. सुरुवातीला एकदा मी त्यातून वाळूवर उताणी पडले होते, पाठ आठ दिवस दुखत होती. आता सरावले होते.

मेक्सिकोतली दुपार लांब असते. कुणी कुणाला ‘काय करून राहिलात’ असं विचारत नाही, कारण कुणी काही करत नसतं. आपल्याकडं रिकामं बसलेल्या बाईला लोक लगेच काम सांगतात किंवा आजार विचारतात. मला त्या लांब दुपारी सोसत नव्हत्या. हात चालू असले की डोकं गप्प बसतं.

रोसीओ लिंबं घेऊन उगवली तेव्हा चार तास उलटून गेले होते. वाटेत मावशी भेटली, मावशीच्या पोरीच्या लग्नाचे कपडे बघितले, असं काहीतरी. मी फोनमध्ये बोलून तिला टोमणा मारला, “आत्ता येते म्हणून गेली होतीस ना?”

तोन्यो खो खो हसायला लागला. “आओरिता म्हणजे आत्ता, असं कोण म्हणतं?” त्यानं मला समजावलं. आओरिता म्हणजे आत्ता, किंवा थोड्या वेळानं, किंवा संध्याकाळी, किंवा कधीच नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचं.

आम्ही कच्चा आंबा खात होतो. रोसीओ फोडी करत होती, वर लिंबू, मीठ आणि लाल तिखट. अगदी आपल्या शाळेच्या फाटकापुढं मिळतो तसा. त्या चवीनं म्हणा, म्हाताऱ्याच्या हसण्यानं म्हणा, माझी जीभ सैल झाली. किती दिवसांनी मला बोलावंसं वाटत होतं. आपल्या गावाचं काहीतरी सांगून समोरच्याला चकित करायचं, एवढंच डोक्यात होतं. आपला मराठी माणूस परमुलखात गेला की हे करतोच.

मी म्हटलं, “यात काय, आमच्याकडं तर कुणी जातच नाही.”

“म्हणजे?” तोन्योनं विचारलं.

“घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचंच नाही. अशुभ. दुकानात चालला, तरी ‘येतो’. नांदायला सासरी चालली, तरी ‘येते’. वीस गावांच्या दारांवरची लिंबू-मिरची मी काढायला लावली, अंगारे-धुपारे बंद करा म्हणून भांडले, पण ‘जाते’ म्हणून मीसुद्धा कधी उंबरा ओलांडला नाही.”

फोनमधली बाई गोड आवाजात सांगत होती. तोन्यो मान डोलवत होता. रोसीओचा सुरा फोडीवरच थांबला, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मला आणखी रंगवून सांगायचं होतं.

“मिलिंदच्या पप्पांचंच सांगते. छातीत दुखायला लागलं, नांदेडला न्यायला जीप दारात आली. दोघांनी धरून बसवलं, बोलायला दम नव्हता. तरी शेजारच्यांकडं बघून म्हणाले, ‘येतो बरं का.’ आणि संध्याकाळी पांढऱ्या कापडात आले.” या गोष्टीला चौदा वर्षं झाली. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे, मी ती जवळजवळ हसत सांगते. “आमच्याकडं कायमचा जाणारासुद्धा ‘येतो’ म्हणूनच जातो.”

रोसीओनं विचारलं, “सगळेच?”

“सगळेच.”

“ज्याला परत यायचं नाही, तोसुद्धा?”

“तोसुद्धा.”

तिनं सुरा ताटात ठेवला. आवाज झाला नाही, इतका हळू ठेवला. मग ती फोनमध्ये बोलली नाही, माझ्याकडं बघून तिच्याच भाषेत हळूहळू बोलली, आणि दोन महिन्यांत मला जेवढी कळायला लागली होती तेवढ्यात मला सगळं कळलं. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मिली, मिलिंदला ती मिलीच म्हणायची, बाहेर निघताना काहीतरी म्हणाला. तिनं विचारलं, याचा अर्थ काय? त्यानं सांगितलं, ‘बेंगो’. परत येतो. त्यानंतर तो रोज तेच म्हणायचा. त्या सकाळीही दारातून तेच म्हणाला. “येतो.” तो शब्द तिनं मिलिंदच्याच आवाजात काढला, ‘ये’ जरा लांबवून. पोलिसांना तिनं हेच सांगितलं होतं. चर्चमधल्या फादरला, आईला, साऱ्या गावाला. तो जातो म्हणाला नाही. तो परत येतो म्हणाला आहे. माझा नवरा खोटं बोलत नाही.

दोन वर्षं ही बाई त्या एका शब्दावर उभी होती. आणि तो शब्द म्हणजे नुसता रामराम होता, हे मी तिला आंबा खाता खाता सांगितलं होतं.

तोन्योनं जाळ्यात मान घातली.

मी झोपाळ्यातून उठायची धडपड करायला लागले आणि उठताच येईना. पडल्या पडल्या मी काहीबाही बोलत सुटले. म्हटलं, मिलिंद तसा नव्हता गं. सगळे रीत म्हणून म्हणतात, पण तो खरंच म्हणायचा. त्याचं ‘येतो’ खरं होतं. फोन खाली वाळूत पडला होता, त्यामुळं हे सगळं मी शिरड शहापूरच्या मराठीतच बोलत होते, आणि त्यात ती काय समजली असेल कोण जाणे. मी खोटं बोलत होते, एवढं तिला नक्की समजलं. सहा वर्षं ‘येऊन राहिलो’ म्हणणारं माझं पोरगं.

रोसीओनं मला हात देऊन उठवलं. हात धरूनच ठेवला. डोळे कोरडे होते.

“काहून, माय?” ती म्हणाली.

काहून सांगितलं, असं तिला विचारायचं होतं, की काहून गेला, की काहून असं बोलता तुम्ही लोक, मला माहीत नाही. तिच्याजवळ तेवढाच एक शब्द होता.

संध्याकाळ

त्या गावात एक गंमत आहे. सूर्य बुडताना लोक किनाऱ्यावर जमतात, आणि तो पाण्याखाली गेला की टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पदरात तोंड लपवून हसले होते. आपल्याकडं दिवेलागणीला घरात बसायचं, केर काढायचा नाही, आणि ही माणसं सूर्य गेला म्हणून टाळ्या पिटतात.

त्या सोमवारी रोसीओ एकटीच पाण्याच्या कडेला जाऊन बसली. मी मागं छपराखाली. तिच्याजवळ जावं असं वाटत होतं, आणि तिच्याकडं बघायची हिंमत होत नव्हती. जे सांगायला एवढ्या लांब आले होते ते सांगून झालं होतं. आता दादाला फोन करून कळवायला हरकत नव्हती. कामगिरी फत्ते. मला मात्र तो शब्द परत तोंडात घ्यायचा होता. जिंदगीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सूर्य बुडाला. टाळ्या झाल्या. तो उद्या येणार याची खात्री आहे म्हणून वाजवतात, दुसरं काय.

आम्ही घरी आलो. तिनं हातपाय धुतले, फ्रिजवरचा फोटो काढला, फडक्यानं पुसला आणि फळीवर नेऊन ठेवला. वडिलांच्या आणि आजीच्या मध्ये. मेणबत्ती लावायला काडीपेटी शोधायला लागली.

मी काय केलं ते लिहिताना हात थांबतो. मी उठले, फळीवरून फोटो उचलला आणि परत फ्रिजवर लावला. चुंबक सटकत होता, तरी लावला. रोसीओ वळली. माझ्याकडं बघितलं. गेली, काढला, फळीवर ठेवला. मी परत काढायला गेले. दोघी बाया त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात फोटो इकडचा तिकडं करत होतो. तिसऱ्यांदा तिनं माझी मनगटं धरली. बाळंतिणीला कळा असह्य झाल्या की मी धरायची तशी, दाबून पण दुखू न देता. तेव्हा मी सोडला.

त्या क्षणी मला माझं सगळं कळलं. मी तिची समजूत घालायला आले नव्हते, आणि मिलिंदला शोधायलाही नव्हते. कुणीतरी एक वेडी त्याची वाट बघत होती, म्हणून मला शहाणं राहता येत होतं. आता तिनं थांबवलं. आता कुणीच त्याची वाट बघत नव्हतं.

तिनं मेणबत्ती लावली. मी खाली बसून राहिले. रात्री जेवण झालं नाही.

निघताना

त्यानंतर मी तीन आठवडे तिथं होते. भाकरी थापायला शिकले, तिला मेथीच्या दाण्यांची आमटी शिकवली. दोन तोन्योनं बोटं वर करणं सोडलं होतं. आम्ही मिलिंदबद्दल बोलायला लागलो, आणि दोघी ‘होता’ म्हणायला लागलो. हे चांगलं लक्षण आहे, असं मी दुसऱ्या कुणा बाईला सांगितलं असतं.

मी त्या समुद्राला परत कधी दिसणार नाही, हे दोघींना माहीत होतं. माझे गुडघे गेलेले, वय हे असं. सकाळी शहराकडं जाणारी बस चौकात उभी राहिली. रोसीओनं वाटेसाठी वाळवलेल्या अंबाडीच्या बोंडांची पुडी दिली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पायरीवर पाय ठेवला आणि जन्माच्या सवयीनं वळले.

“ये…”

तिनं तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला मक्याच्या पिठाचा वास होता. शब्द आत राहिला. मी तशीच बसमध्ये चढले.

शिरड शहापूर

परतल्यावर दादानं दिवस ठरवला. माणसं जमली. वंदना झाली. मिलिंदचे मास्तर बोलले, दादा बोलला. मला बोलायला सांगितलं, मी नुसते हात जोडले. जेवणात वरण, भात, बुंदी होती, आणि मी हट्टानं अंबाडीचं सरबत करायला लावलं. लोकांनी कौतुकानं प्यायलं. मेक्सिको कसा आहे, असं दोघा-तिघांनी विचारलं.

दुपारी माणसं उठायला लागली. एकेक जण समोर यायचा, हात जोडायचा आणि चपला घालून निघायचा. मी दाराशी उभी होते. शेजारच्या घरात नवी सून आली आहे, वीस-बावीसची, मोकळ्या मनाची. ती पदर सावरत आली, म्हणाली, “बरं सिस्टर, ये…”

तिच्या सासूनं मागून तिचा दंड धरला. “अगं, इथून तसं म्हणू न्हाई.”

पोरगी ओशाळली. खाली बघत निघून गेली. मयताच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नसेल. मला तर लहानपणापासून माहीत आहे. तरी तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की सकाळपासून पन्नास माणसं माझ्या दारातून गेली, आणि एकही ‘येतो’ म्हणालं नव्हतं. रोसीओच्या दारातून मीही तशीच निघाले होते.

अंगण रिकामं झालं. दादा सतरंज्या गोळा करत होता. मी उंबऱ्यावर बसले आणि आमच्या मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं तसं, स्पष्ट, ऐकू येईल असं म्हटलं.

मिलिंद गेला.